पेशावरचा नकार

५ मार्च १९३१ रोजी दिल्लीत गांधी-आयर्विन करार झाला. मिठाच्या सत्याग्रहाने देशभरातले तुरुंग भरले होते. ज्यांच्यावर हिंसेचा ठपका नाही असे हजारो कैदी आता सुटणार होते. मात्र सुटकेच्या कलमात एक छोटासा अपवाद होता. हुकूम मोडल्याबद्दल शिक्षा झालेले सैनिक आणि पोलीस यांना ही माफी लागू होणार नव्हती. अशी प्रकरणं फारच थोडी आहेत, अशी पुस्तीही त्याच वाक्यात जोडलेली होती.

त्या थोड्या प्रकरणांत सर्वांत गाजलेलं प्रकरण होतं रॉयल गढवाल रायफल्सच्या सतरा जणांचं. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं, काही जाळलं नव्हतं, कुठला खजिना लुटला नव्हता. निःशस्त्र जमावावर चालून जायला त्यांनी नकार दिला, एवढाच त्यांचा गुन्हा. अहिंसेच्या एवढ्या मोठ्या लढ्यात ज्यांनी हातात भरलेली बंदूक असताना अहिंसा पाळली, ती माणसं तुरुंगातच राहिली. आणि ज्या करारामुळे राहिली त्यावर एक सही गांधीजींची होती. सरकारच्या दडपणामुळे नाइलाजाने झालेली ही तडजोड होती, असं समजायलाही जागा नाही. पुढच्याच वर्षी गांधीजींनी स्वतः खुलासा केला, आणि तो कराराच्या कलमापेक्षाही कडक होता.

ही हकीकत सुरू होते गढवालच्या डोंगरात. पायऱ्यापायऱ्यांची शेती, जेमतेम पीक, आणि घर चालवायचं तर एखाद्या मुलाने फौजेत जायचं, अशी तिथली रीत. १८८७ मध्ये लॅन्सडाउनला गढवाली पलटणीचं ठाणं झालं आणि गावोगावच्या पोरांना पगाराची वाट सापडली. मनीऑर्डर आणि म्हाताऱ्या शिपायाचं पेन्शन यांवर कित्येक घरांच्या चुली पेटत. पहिल्या महायुद्धात या पलटणीने फ्रान्सच्या खंदकांत नाव काढलं. दरवानसिंह नेगी आणि गबरसिंह नेगी या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, गबरसिंहांना मरणोत्तर. १९२१ मध्ये पलटणीच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. राजनिष्ठेची ही पदवी साम्राज्य उगाच वाटत नसे.

चंद्रसिंह भंडारी हा याच मुशीतला. जन्म १८९१ चा, पौडी गढवालमधल्या एका खेड्यातला. १९१४ मध्ये तो लॅन्सडाउनला भरती झाला, फ्रान्सला जाऊन आला, मग मेसोपोटेमियात लढला. लढाई संपली तशी सरकारची गरज संपली. अनेकांना घरी पाठवलं, अनेकांना खालच्या हुद्द्यावर आणलं. चंद्रसिंहाचाही हुद्दा गेला आणि त्याला पुन्हा साधा शिपाई केलं गेलं. सुट्टीवर गावी आला की आर्य समाजी मंडळींत त्याची ऊठबस असे, देशात काय चाललंय ते कानावर येई. पुढे वायव्य सरहद्दीवरची नोकरी झाली, बढती परत मिळाली. १९३० साली तो दुसऱ्या बटालियनमध्ये हवालदार मेजर होता. सोळा वर्षांची चाकरी, दोन आघाड्या, घरी बायको, आणि पेन्शन नजरेच्या टप्प्यात. बंडखोर म्हणून ज्याच्यावर कुणी बोट ठेवावं असा हा माणूस नव्हता.

ही बटालियन पेशावरला होती, यालाही कारण होतं. १८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची बांधणीच अशी केली की एका प्रांताच्या, एका जातीच्या वा धर्माच्या तुकड्या दुसऱ्यांवर वापरता याव्यात. पठाणांच्या शहरात बंदोबस्ताला डोंगरातले हिंदू गढवाली नेमणं हा त्याच हिशोबाचा भाग. त्यांना ना तिथली भाषा येत होती, ना तिथे त्यांचा कुणी सोयरा होता. राहुल सांकृत्यायन यांनी लिहिलेल्या चंद्रसिंहाच्या चरित्रात एक प्रसंग येतो. गोऱ्या अधिकाऱ्याने शिपायांना समजावलं, की इथे मुसलमान बहुसंख्य आहेत, ते हिंदू दुकानदारांना छळतात, तेव्हा तुम्हाला शहरात जाऊन हिंदूंचं रक्षण करावं लागेल. अधिकारी गेल्यावर चंद्रसिंहाने आपल्या लोकांना सांगितलं, की हे भांडण हिंदू-मुसलमानांचं नाही. हे काँग्रेसचं आणि सरकारचं आहे. हुकूम पाळायचा की नाही हा प्रश्न पुढचा. हुकूम देणारा खरं बोलतोय का, हे त्याने आधी तपासलं.

सरहद्द प्रांताचा कारभार बाकीच्या हिंदुस्थानापेक्षा वेगळाच होता. १९१९ च्या सुधारणांतून इतर प्रांतांना जी थोडीफार कायदेमंडळं मिळाली ती या प्रांताच्या वाट्याला आली नव्हती. वर ‘फ्राँटियर क्राइम्स रेग्युलेशन’ नावाचा कायदा. सरकारने नेमलेल्या जिरग्यापुढे खटला चालायचा, आणि एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या गावाला दंड व्हायचा. अशा मुलखात खान अब्दुल गफारखान यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार उभे केले. सूड हा ज्यांच्या रीतीरिवाजाचा भाग, त्या पठाणांनी हिंसा न करण्याची शपथ घेतली. पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडवले गेले, आणि सरकारी कागदांत त्यांचं नाव ‘लाल डगलेवाले’ पडलं.

एप्रिल १९३० मध्ये दांडीचं मीठ सरहद्दीपर्यंत पोचलं. ‘फ्राँटियर क्राइम्स रेग्युलेशन’ या काळ्या कायद्याची चौकशी करायला निघालेल्या काँग्रेसच्या समितीला सरकारने प्रांतात पाऊल टाकू दिलं नाही. २३ एप्रिलला पहाटेपासून पेशावरमध्ये धरपकड सुरू झाली. त्याच दिवशी गफारखानांनाही अटक झाली. शहरातले दोन नेते पोलिसांच्या लॉरीत बसले होते. वाटेत लॉरीचं चाक बसलं. भोवती गर्दी जमली. नेत्यांनी पोलिसांना सांगितलं, की तुम्ही पुढे व्हा, आम्ही आमचे चालत ठाण्यावर येतो. पोलीस गेले, आणि आरोपी स्वतःच्या अटकेची मिरवणूक घेऊन काबुली दरवाजाच्या ठाण्याकडे निघाले. तिथपर्यंत दगडही उडाला नव्हता.

बिघडलं ते नंतर. ठाण्यासमोर, किस्साख्वानी बाजारात, लोक घोषणा देत उभे होते. तेवढ्यात चिलखती गाड्या भरधाव गर्दीत घुसल्या. माणसं चाकांखाली आली. मोटारसायकलवरचा एक गोरा जासूद मारला गेला, एका चिलखती गाडीला आग लागली. मग गोळीबार झाला, थांबला आणि पुन्हा झाला. मधल्या वेळात लोकांनी सांगितलं होतं, की फौज आणि गाड्या मागे घ्या, आमची प्रेतं आणि जखमी नेऊ द्या, आम्ही पांगतो. फौज मागे गेली नाही, लोकही गेले नाहीत. पुढची रांग पडली की मागची पुढे येत होती. सरकारने मृतांचा आकडा तीसच्या आसपास सांगितला. विठ्ठलभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या काँग्रेसच्या चौकशी समितीने तो सव्वाशेच्या घरात नेला, आणि सरकारने तो अहवालच जप्त केला. पेशावरच्या लोकांच्या बोलण्यात तो आकडा आजही शेकड्यांनी मोजला जातो.

गढवाल्यांनी नकार नेमका कधी दिला, याच्या दोन हकिकती आहेत. गढवालमध्ये सांगितली जाते ती अशी: २३ तारखेला बाजारात कॅप्टन रिकेटने जमावाला पांगण्याची ताकीद दिली, लोक हलले नाहीत, तेव्हा त्याने तीन फैरी झाडण्याचा हुकूम सोडला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चंद्रसिंहाने मोठ्याने आवाज दिला, की गढवाली, गोळी चालवू नका. आणि बंदुका खाली आल्या. मग गोऱ्या शिपायांना पुढे आणून गोळीबार करवला गेला. फौजेच्या कागदांतला भर मात्र दुसऱ्या दिवसावर आहे. २४ तारखेला बटालियनला पुन्हा शहरात जायचा हुकूम झाला तेव्हा दोन प्लॅटूननी गाड्यांत बसायलाच नकार दिला. आमचं काम बाहेरच्या शत्रूशी लढणं आहे, निःशस्त्र भावांवर आम्ही गोळी चालवणार नाही, हवं तर आम्हाला तोफेच्या तोंडी द्या, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. गढवाली आठवणी आणखी एक गोष्ट सांगतात: त्यांनी राजीनामे लिहून दिले होते. या राजीनाम्यांचा मुद्दा लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे सगळा वाद त्यावरच येऊन ठेपतो.

दोन्ही हकिकतींत मूळ गोष्ट एकच राहते. या लोकांनी बंदूक अधिकाऱ्यांवर वळवली नाही. ते पळाले नाहीत, रात्रीत डोंगरात निसटले नाहीत, पठाणांना जाऊन मिळाले नाहीत. हत्यारं परत केली आणि आपापल्या जागी उभे राहिले.

सरकारला जी धडकी भरली ती या शांतपणामुळे. शिपाई पळाला तर त्याला पकडता येतं, उलटला तर मारता येतं. पण जो जागेवरून हलत नाही आणि हातही उचलत नाही त्याचं काय करायचं, हे कुठल्याच ड्रिलच्या पुस्तकात नव्हतं. २४ तारखेच्या रात्री फौज पेशावर शहरातून काढून घेतली गेली. ४ मेपर्यंत शहरात सरकारचा अंमल नव्हता. रस्त्यांवरचा बंदोबस्त काँग्रेसचे आणि खिदमतगारांचे स्वयंसेवक पाहत होते. त्याच मे महिन्यात इकडे सोलापुरातही काही दिवस सरकार गायब झालं, मग मार्शल लॉ आला आणि पुढे जानेवारी १९३१ मध्ये येरवड्याला चौघांना फाशी झाली. पेशावरच्या बातमीने दिल्ली आणि लंडन का हादरलं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. साम्राज्य उभं होतं ते हिंदी शिपायाच्या तर्जनीवर. अकरा वर्षांपूर्वी जालियनवाला बागेत जनरल डायरच्या शब्दासरशी पन्नास बंदुका झडल्या होत्या. दहा मिनिटांत १,६५० काडतुसं उडाली, आणि ती उडवणारे शिपाई हिंदी फौजेतलेच होते. डायरचं नाव जगाला ठाऊक आहे. त्या पन्नासांतलं एकही नाव आपल्या कुणाच्या तोंडी नाही, कारण हुकूम पाळणाऱ्याला नाव नसतं. पेशावरला पहिल्यांदा शिपायांना नावं मिळाली, तीही आरोपपत्रात.

बटालियनला ॲबटाबादला हलवलं गेलं आणि जूनमध्ये कोर्ट मार्शल झालं. १९११ च्या हिंदी लष्करी कायद्याच्या २७ व्या कलमाखाली बंडाला देहान्त शिक्षा होऊ शकत होती. आरोपींच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर मुकुंदीलाल. ते गढवालचेच, ऑक्सफर्डला शिकलेले. पुढे गढवाली चित्रकलेचे अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालं. फाशी कुणालाच झाली नाही. चंद्रसिंहाला जन्मठेप, एकाला पंधरा वर्षं सक्तमजुरी, उरलेल्या पंधरा जणांना तीन ते दहा वर्षं. इतर कित्येक जण नोकरीतून गेले. चंद्रसिंहाची घरची मालमत्ता जप्त झाली. ज्या पगारासाठी आणि पेन्शनसाठी गढवालची पोरं जीव धोक्यात घालत, ते एका नकारापायी बुडालं. नकाराची किंमत शिपायाला तुरुंगात मोजावी लागते, पण त्याचा हप्ता घरचे भरतात.

देशात या लोकांचा जयजयकार झाला. मात्र ज्यांच्या शब्दावर देश चालत होता, त्यांचं मत वेगळं होतं. १९३२ च्या फेब्रुवारीत फ्रेंच पत्रकार शार्ल पेत्राश याने घेतलेली गांधीजींची मुलाखत पॅरिसच्या ‘मोंद’ या साप्ताहिकात छापून आली. गढवाली शिपायांविषयी त्यांनी दिलेलं उत्तर मवाळ नव्हतं. गोळी चालवण्याचा हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो आणि गुन्हा करतो, असं त्यांनी सांगितलं. त्यापुढे त्यांनी आणखी मनमोकळेपणाने कबूल केलं, की शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हुकूम मोडायला मी शिकवू शकत नाही, कारण उद्या सत्ता आमच्या हाती आली तर बहुधा याच लोकांकडून मला काम करून घ्यायचं आहे. आज शिकवलं तर उद्या ते माझ्याशीही तसंच वागतील.

डाव्या लेखकांनी हे उत्तर वर्षानुवर्षं गांधीजींच्या विरोधात पुरावा म्हणून वापरलं, आणि वरवर पाहता ते ढोंगच वाटतं. वकिलाने कोर्ट सोडावं, विद्यार्थ्याने शाळा सोडावी, शेतकऱ्याने सारा बुडवावा, आणि शिपायाने तेवढं मुकाट्याने चाप ओढावा? पण गांधीजींवर हा आरोप पुरता लागू होत नाही. १९२१ मध्ये अलीबंधूंवर शिपायांना फितवल्याचा खटला झाला तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त उघडपणे लिहिलं, की शिपायाने ही नोकरी सोडावी असं मी सांगत आलोय आणि सांगत राहीन. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांनी बंड केलं तेव्हाही त्यांनी विचारलं, की नोकरी अपमानाची वाटते तर त्यात राहता कशाला? पंचवीस वर्षं त्यांची भूमिका एकच होती. मन मानत नसेल तर आधी बाहेर पड. गणवेश अंगावर ठेवून, शपथ कायम ठेवून, ऐन वेळी नाही म्हणू नकोस. असहकार हा बाहेर पडणाऱ्याचा हक्क. आत राहून हुकमाची निवड करणं हा नव्हे.

या भूमिकेत एक शहाणपण आहे आणि ते झटकून टाकता येत नाही. कुणावर गोळी चालवायची हे शिपाई ठरवू लागला, तर आज तो निःशस्त्र पठाणांना वाचवेल, आणि उद्या आपल्या धर्माच्या दंगलखोरांवर चाप ओढायला नकार देईल. १९४६-४७ च्या रक्तपातात ही भीती खरी ठरली. कुणाच्या घराचं रक्षण करायचं हे काही ठिकाणी वर्दीच्या आतल्या माणसाने धर्म बघून ठरवलं. राज्य चालवायचं म्हटलं की हा धोका डोळ्याआड करता येत नाही. गांधीजी १९३२ मध्येच उद्याच्या राज्याचा विचार करत होते, आणि तसं त्यांनी लपवलंही नाही.

तरीही त्यांच्या सल्ल्यात एक गोष्ट सुटते, आणि ती गढवालच्या घरांत बसून पाहिलं तर लगेच दिसते. आधी बाहेर पड, हे ज्याच्या घरी दुसरी भाकरी आहे त्याला सांगणं सोपं. बॅरिस्टरला कोर्ट सोडता येतं, कारण त्याला दुसरं काहीतरी करता येतं. फौजेत भरतीचा करार मुदतीचा असतो. शिपायाला मनाला येईल तेव्हा राजीनामा देता येत नाही, आणि गढवाली आठवणी खऱ्या धरल्या तर या लोकांनी तोही देऊन पाहिला होता. त्याचा उपयोग झाला नाही. ज्या व्यवस्थेत बाहेरचं दारच बंद आहे तिथे आत राहून नकार देणारा कपटी नसतो. त्याच्याकडे तेवढाच एक रस्ता असतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मनाला टोचणी लागायला समोर माणूस असावा लागतो. लॅन्सडाउनच्या कवायतीच्या मैदानावर निशाणाच्या फळीवर गोळ्या झाडताना कुणाला प्रश्न पडत नाही. फ्रान्समध्ये चंद्रसिंहाने बंदूक चालवली, मेसोपोटेमियात चालवली, तेव्हा पडला नाही. पडला तो काबुली दरवाजाशी, समोरच्या लोकांच्या हातात काहीही नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर. एक वर्ष आधी राजीनामा दे, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्याने कशासाठी असं विचारलं असतं, आणि त्याचं बरोबर असतं. माणसाची सद्सद्विवेकबुद्धी मुदतीची नोटीस देऊन जागी होत नाही. हुकूम कानावर पडेपर्यंत तिला उत्तर द्यायला प्रश्नच नसतो.

गांधीजींची भीती कल्पनेतली नव्हती, हे मुंबईने पाहिलं. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक तळावर खराब अन्न आणि शिवीगाळ यांवरून संप सुरू झाला; दोनच दिवसांत सुमारे २० हजार नाविक आणि ७८ जहाजं त्यात होती. कॅसल बॅरॅक्समध्ये नाविकांनी बंदुका उचलल्या, बंदरातल्या जहाजांच्या तोफा शहराकडे वळल्या. रस्त्यांवर कामगार उतरले, आणि गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. पेशावरला चुकूनही न झालेली गोष्ट इथे झाली: नकाराच्या हातात हत्यार आलं. सरदार पटेलांनी नाविकांना शरण जायला लावलं. नंतर एका सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी मांडलेला मुद्दा गांधीजींच्या १९३२ च्या उत्तराचाच होता: लष्कराच्या शिस्तीशी खेळता येणार नाही, कारण स्वतंत्र भारतालाही लष्कर लागणार आहे. बडतर्फ झालेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलाने परत घेतलं नाही. पुढे अनेक दशकांनी कुलाब्यात त्यांचं स्मारक उभं राहिलं. आपलं राज्य आलं तरी हुकूम मोडणाऱ्याबद्दलचं राज्याचं धोरण बदललं नाही. फक्त पुतळे उभारण्याची सोय झाली.

गढवाल रायफल्सच्या त्याच दुसऱ्या बटालियनचं पुढे काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. जपानी फौज मलायात उतरली तेव्हा ही बटालियन कुआंतानला लढली, तिचे कर्नल मारले गेले, आणि सिंगापूर पडल्यावर उरलेले युद्धकैदी झाले. गढवालचे कितीतरी शिपाई मग आझाद हिंद सेनेत गेले. पलटण तीच, शपथ तीच. पण ती कुणाशी घेतली होती, हा प्रश्न तिथे हजारोंना पडला.

चंद्रसिंहाची जन्मठेप पुढे कमी झाली आणि सप्टेंबर १९४१ मध्ये तो सुटला. तुरुंग बरेच झाले: ॲबटाबाद, डेरा इस्माईल खान, बरेली, नैनी, लखनौ. आत त्याला क्रांतिकारक भेटले, कम्युनिस्ट भेटले, आणि त्याचं राजकारण त्या दिशेने वळलं. सुटकेला अट होती, की गढवालमध्ये पाऊल ठेवायचं नाही. मग बायकोला घेऊन तो काही काळ वर्ध्याला गांधीजींच्या आश्रमात राहिला. ज्यांनी त्याच्या नकाराला गुन्हा म्हटलं होतं त्यांच्याच छपराखाली. गांधीजींनी आपलं मत बदलल्याचं कुठे दिसत नाही, चंद्रसिंहानेही नाही. तरी एकाने दार उघडलं आणि दुसरा आत आला. मतभेदाचं हे माप आजच्या राजकारणात शोधून सापडणार नाही. १९४२ मध्ये तो पुन्हा तुरुंगात गेला. गढवालमध्ये पाय ठेवता आला तो १९४६ च्या डिसेंबरात. नंतर टिहरी संस्थानाविरुद्धचा लढा झाला, कम्युनिस्ट पक्षाचं काम झालं, डोंगरी लोकांच्या मागण्यांसाठीची धडपड झाली; सत्ता कधी हाती लागली नाही. १ ऑक्टोबर १९७९ रोजी तो वारला. १९९४ मध्ये टपाल खात्याने त्याच्या नावाचं तिकीट काढलं.

कायद्याचं म्हणाल तर तो आजही दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा आहे. इंग्रजांनी केलेल्या भारतीय दंडविधानाच्या ७६ व्या कलमाला एक उदाहरण जोडलेलं होतं: एक शिपाई वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेनुसार, जमावावर गोळी झाडतो, त्याने कोणताही गुन्हा केलेला नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी नवी भारतीय न्याय संहिता आली, आणि तेच उदाहरण तिच्या १४ व्या कलमात जसंच्या तसं जाऊन बसलं. दुसरीकडे १९५० च्या लष्करी कायद्याचं ४१ वं कलम हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा देतं, पण तो हुकूम ‘कायदेशीर’ असला पाहिजे, ही अट घालूनच. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनंतर जगानेही मान्य केलं, की वरून हुकूम होता एवढं सांगून कुणाला सुटता येणार नाही. म्हणजे बेकायदा हुकूम मोडायचं कर्तव्य आहे आणि कायदेशीर हुकूम मोडला तर तुरुंग आहे. यातला कुठला कुठे बसतो, ते कोर्ट ठरवणार, सगळं होऊन गेल्यावर. शिपायाला मात्र ते हुकूम कानावर पडल्यापासून चाप ओढेपर्यंतच्या वेळात ठरवायचं असतं, आणि तेव्हा त्याच्याजवळ वकील नसतो.

कुठलंही राज्य या प्रश्नाचं उत्तर आधी लिहून ठेवू शकत नाही. गांधीजींच्या अपेक्षेतलं राज्यही नाही. नियमपुस्तकात सद्सद्विवेकाला कलम दिलं, तर पहिल्याच दंगलीत त्याचा फायदा घेणारे निघतील, ही त्यांची भीती रास्तच होती. पण खरा नकार कुठला आणि सोयीचा कुठला, हे ओळखायची खूण पेशावरच्या सतरा जणांनी दाखवून दिली आहे. त्यांनी वाचवलं ते आपल्या धर्माच्या माणसांना नव्हे, परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या लोकांना. हत्यार हातात असून कुणावर उगारलं नाही. तोंड लपवलं नाही. आणि शिक्षा झाली तेव्हा ती भोगली. या चार कसोट्यांना उतरणारा नकार फार थोडे देतात, म्हणून अशा नकारांनी फौजा मोडत नाहीत. मोडतात ती राज्यं, आणि तीही निःशस्त्र लोकांवर बंदूक चालवल्याशिवाय ज्यांना टिकता येत नाही अशीच.

गांधी-आयर्विन कराराने अशी प्रकरणं फार थोडी आहेत असं म्हटलं, ते खरंच होतं. पण तेवढ्यावर त्यांना माफीतून वगळण्याऐवजी, ती थोडी का आहेत, हा प्रश्न त्या वाटाघाटींच्या मेजावर यायला हवा होता. जो समाज आपल्या शिपायाकडून दररोज आज्ञापालन मागतो, त्याने एखाद्या दिवशी नाही म्हणणाऱ्याची शिक्षा कदाचित टाळू नये. पण शिक्षा भोगून तो परत आला की त्याच्या घरी चूल पेटते की नाही, एवढं तरी पाहावं. चंद्रसिंहाला तिकीट मिळालं ते तो गेल्यावर पंधरा वर्षांनी. बाकीच्या सोळांची नावं किती पाठ्यपुस्तकांत आहेत, हे ज्याचं त्याने उघडून बघावं.